चिमणी उडाली, कोंबडी उडाली

गेल्या भाऊबीजेच्या दुपारची गोष्ट. फराळाची ताटे उचलून झाली होती. पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत लवंडली होती. बायकांनी पानाचा डबा पुढे ओढला होता. मुलांचा दंगा मात्र काही केल्या आवरेना. शेवटी मी सगळ्यांना गोलात बसवले, प्रत्येकाला उजव्या हाताचे बोट जमिनीवर टेकवायला लावले आणि आवाज दिला, "चिमणी उडाली—"

"भुर्र!" सातही बोटे वर गेली.

कावळा उडाला, पोपट उडाला. म्हैस उडाली म्हणताच सर्वांत धाकट्याचे बोट वर गेले आणि हसून हसून पोरांची पुरेवाट झाली. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेले, "कोंबडी उडाली." तीन बोटे वर, चार खाली, आणि मग जे रण माजले ते काय सांगावे! वर गेलेले म्हणत, तिला पंख आहेत. खालचे म्हणत, पंख असून काय उपयोग, उडते कुठे? सहा वर्षांची माझी नात न्याय मागायला माझ्यापाशी आली. "आजी, कोंबडी उडते की नाही?"

मी म्हटले, "सांगते मागाहून." ती रागावली. पण मला खरोखरच उत्तर देववेना. हा वाद आमच्या घरात पासष्ट वर्षांपूर्वीही झाला होता. तेव्हा माझ्या आजीने निकाल दिला होता की कोंबडी उडत नाही, आणि माझे बोट वर असल्यामुळे मी बाद झाले होते. पुढे आयुष्याची तीसेक वर्षे बालवाडीत घालवल्यावर त्या निकालाविषयी मला शंका येऊ लागली. ती कशी, ते सांगायचे तर लहान मुलांना पाखरांच्या हवाली करून शिकवण्याची आपली ही रीत आली कुठून, इथपासून आरंभ करावा लागेल.

या खेळाला पाटी लागत नाही की पुस्तक लागत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला मात्र एका क्षणात दोन कामे करावी लागतात. नाव ऐकून तो प्राणी उडणाऱ्यांतला की चालणाऱ्यांतला हे ठरवायचे, आणि शेजारच्याचे बोट वर गेले तरी आपले आवरून धरायचे. पहिल्या कामाला शाळेत वर्गीकरण म्हणतात. दुसरे अधिक अवघड. मुलांचा संयम मोजण्यासाठी आजचे मानसशास्त्रज्ञ याच जातीचे खेळ मुद्दाम लावतात. आमच्या आजीला त्यातले अक्षर ठाऊक नव्हते. पण वटवाघूळ आणि पतंग केव्हा मध्ये घालायचे आणि कोणाला फसवायचे, यात तिचा हातखंडा होता.

त्याच्याही आधीचा धडा बाळाच्या तळहातावर मिळतो. आई बाळाचे एक बोट त्याच्याच दुसऱ्या तळव्यावर टेकवून मोराला तिथे बसायला बोलावते, त्याला दाणापाणी देते आणि मग भुर्रकन उडवून लावते. बाळाला अजून बसता येत नसते, तेवढ्यात त्याचे बोट आणि डोळा एका जागी येतात. पुढे जेवण सुरू झाले की एक घास काऊचा, एक घास चिऊचा. वाटी रिकामी होईपर्यंत अंगणातले सगळे गणगोत जेवून जाते, आणि या सगळ्यांच्या वाटचे बाळाच्या पोटात जाते. मोजणे, पाळी घेणे, दुसऱ्यासाठी थांबणे, सारे त्यात आले. मराठी मूल पाखरू पहिल्यांदा हाताने आणि तोंडाने शिकते. डोळ्यांनी ओळखणे त्याच्या मागून येते आणि अक्षराने वाचणे तर फारच मागून.

चिऊकाऊची गोष्ट तर आपल्या भाषेतल्या अगदी जुन्या गोष्टींपैकी. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले, त्यात ती आहे. शेणाचे घर कावळ्याचेच आहे, पावसात वाहून जाणारेही तेच आहे. पण मेणाचे घर तिथे चिमणीचे नाही, साळईचे आहे. साळई म्हणजे बहुधा आपली साळुंकी. सातशे वर्षांत कावळा आपल्या शेणाच्या घरात जिथल्या तिथे राहिला आणि साळईच्या घरात चिमणी केव्हा राहायला आली, याचा पत्ता लागत नाही. माझा आपला एक तर्क आहे. साळुंकी अंगणापर्यंत येते. चिमणी घरात येते. वाशाच्या खोबणीत, देवादिकांच्या तसबिरीमागे तिचे घरटे असे, आणि बाळाला न्हाऊमाखू घालताना खाली पडणारी काडी वरून तिचीच असे. ज्या घराचे दार गोष्टीत ठोठावायचे, ते घर मुलाला मान वर करताच दिसत होते. आणि दार न उघडण्याची तिची ती सगळी निमित्तेही त्याच्या ओळखीची होती, कारण त्याची स्वतःची आई त्याच वेळी धाकट्या भावंडाला तीट लावत असे.

पंतोजींच्या शाळेत मात्र पाखराला प्रवेश नव्हता. तिथे धुळपाटी, उजळणी आणि छडी. पक्षी एकच, तो म्हणजे पोपट. आणि तोही पोपटपंचीच्या रूपाने मुलांतच बसलेला. विष्णुशर्म्याने राजपुत्रांना कावळे, घुबडे, कबुतरे यांच्या तोंडून राजनीती शिकवली हे खरे, पण तो थोरांचा मामला. मराठीत इसापाबरोबरही छापील पाखरे आली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापनीती मराठीत आणली आणि घड्यात खडे टाकणारा कावळा, कोल्ह्याच्या स्तुतीला भुलणारा कावळा, असे नवे कावळे घरोघर झाले. हे कावळे हुशार खरे. पण प्रत्येकाच्या शेपटीला एकेक तात्पर्य बांधलेले. चिऊकाऊच्या गोष्टीला तात्पर्य आहे काय? दार उघडेपर्यंत बाळाला झोप लागली की गोष्ट सफळ.

आता थोडे जर्मनीकडे जाऊ. आपल्याकडे बालवाडी नावाची जी वस्तू आली तिचे मूळ तिथले. फ्रीड्रिख फ्रोबेल हा १७८२ साली जन्मला. नऊ महिन्यांचा असतानाच त्याची आई गेली. मातेच्या मांडीवर काय शिकले जाते याचा शोध घेण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्याला ती मांडी जवळजवळ मिळालीच नव्हती, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते. १८४० साली ब्लांकेनबुर्ग गावी त्याने आपल्या संस्थेला किंडरगार्टन, म्हणजे बालकांची बाग, असे नाव दिले. १८४४ साली त्याने आयांसाठी गाण्यांचे आणि बोटांच्या खेळांचे एक सचित्र पुस्तक काढले. हे खेळ त्याने खोलीत बसून रचले नव्हते. खेड्यांतल्या आया मुलांशी कशा खेळतात हे पाहून त्यांना त्याने रीत दिली होती.

त्या पुस्तकात पाखरांची चंगळ आहे. एका खेळात दोन्ही हातांची ओंजळ म्हणजे घरटे, आणि आत दडलेले दोन अंगठे म्हणजे पिल्ले. दुसऱ्यात हात म्हणजे कबुतरखाना. दार उघडले की बोटांची कबुतरे रानात उडून जातात, आणि खेळ संपता संपता घरी परततात. परतलेली कबुतरे घुमतात ती काय म्हणून? दिवसभर काय काय पाहिले ते एकमेकांना सांगतात म्हणून. आणि मग आईने मुलाला विचारायचे, बाळ, तू आज बाहेर काय पाहिलेस? फ्रोबेलच्या साऱ्या तत्त्वज्ञानापेक्षा (ते बरेच जड आहे) मला ही एक युक्ती मोठी वाटते. चार वर्षांच्या मुलाला "आज काय झाले ते सांग" म्हटले तर ते गप्प बसते. त्याला कबुतर केले की ते घुमू लागते.

अशा निरुपद्रवी माणसावर सरकारची वक्रदृष्टी व्हावी, हे नवल. पण १८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. पुतण्याच्या क्रांतिकारक लिखाणाचे खापर काकांच्या माथी फुटले, असे म्हणतात. दुसऱ्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० साली. तोवर त्याच्या शिष्या देशोदेशी पांगल्या होत्या. सरकारने दार लावले तेव्हा कबुतरे बाहेर होती, असेच म्हणायचे.

त्यांतले एक आपल्याकडे आले ते पंडिता रमाबाईंच्या हातून. आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून तिकडे गेल्या आणि राहिल्या. तिथे त्यांनी फ्रोबेलच्या पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले. एवढी संस्कृत पंडिता, कलकत्त्याचे शास्त्री जिच्यापुढे नमले, ती लहान मुलांच्या ठोकळ्यांशी आणि बोटांच्या खेळांशी विद्यार्थिनी होऊन बसली, हे चित्र मला फार आवडते. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी, त्या समारंभानंतर बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत शारदा सदन निघाले. विधवांनी शिकून शिक्षिका व्हावे ही त्यामागची दृष्टी, आणि बालशिक्षण हा त्या व्यवसायाचा एक भाग होता.

रमाबाईंच्या नंतर मात्र आपल्याकडे एक गंमत झाली. किंडरगार्टन म्हटले की साहेबी शाळा, असा समज होऊन बसला. त्या शाळांतून इंग्रजी पाखरे आली. ज्या मुलाने रॉबिन कधी पाहिला नाही ते रॉबिनचे गाणे म्हणू लागले, आणि तळहातावरचा मोर अडाणी ठरून घरी राहिला. फ्रोबेलने आपल्या गावच्या आयांकडून जे घेतले, ते आपण आपल्या आयांकडून घ्यायचे, एवढा साधा अर्थ कळायला आपल्याला आणखी तीसेक वर्षे लागली.

तो अर्थ कळला भावनगरात. गिजुभाई बधेका हे वकिली सोडून आलेले गृहस्थ. १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. मुलांत इतके मुरले की लोक त्यांना मिशांची आई म्हणू लागले. त्यांच्यावर छाप होती ती मारिया माँटेसोरींची. रोममध्ये १९०७ साली बालगृह काढणाऱ्या या बाईंचे मत असे, की सहा वर्षांच्या आतल्या मुलाला खऱ्या जगातल्या खऱ्या वस्तू द्याव्या. बोलणारे प्राणी आणि पऱ्या यांनी त्याचा गोंधळ उडवू नये. गिजुभाईंनी माँटेसोरींची साधने घेतली, शांतता घेतली, मुलाच्या स्वातंत्र्याविषयीची निष्ठा घेतली; एवढी एक आज्ञा मात्र त्यांनी नम्रपणे मोडली. त्यांनी लोककथा गोळा करून मुलांना सांगितल्या. त्यांतला आनंदी कावळा तर प्रसिद्धच आहे. राजाची खप्पामर्जी झालेल्या त्या कावळ्याला चिखलात टाका की विहिरीत टाका, त्याला आपली तिथेही मौजच वाटते. अशा रीतीने पुढच्या दाराने घालवलेला बोलका कावळा मागच्या दाराने बालमंदिरात शिरला.

१९२३ साली ताराबाई मोडक तिथे दाखल झाल्या. एम. ए. होण्याची इच्छा, राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजातले मुख्याध्यापिकेचे पद, हे सारे मागे टाकून त्या मुलांत येऊन बसल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि १९३६ साली दादरला शिशुविहार. पण ताराबाईंना एक शल्य होते. ही सगळी शिक्षणपद्धती ज्यांच्या घरी आधीच पाटी-पुस्तक होते त्यांच्या मुलांच्या वाट्याला आली होती. १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला गेल्या आणि खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या आणि पुढे जिद्दीने शिकलेल्या. १९५७ साली दोघी डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेल्या.

तिथे मुले शाळेत येईनात. पालकांना दोष देणे सोपे होते. ताराबाईंनी उलटे केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, म्हणून त्यांनी पाड्यावरच्या अंगणात मुले जमवली, हीच अंगणवाडी. थोडी मोठी मुले गुरांमागे रानात असत, म्हणून शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. खडे, बिया, पाने, शिंपले, पिसे हे साहित्य. बोर्डी-कोसबाडला हे घडले तेव्हा त्याची दखल मोजक्यांनी घेतली. पण १९७५ साली केंद्र सरकारने बालविकासाची देशव्यापी योजना काढली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज खेडोपाडी ते नाव आहे. नावाबरोबर अंगणही गेले असते तर किती बरे झाले असते! पुष्कळ ठिकाणी एक बंद खोली गेली आणि त्या खोलीच्या भिंतीवर एक तक्ता गेला.

त्या तक्त्यापाशी मला थांबले पाहिजे, कारण त्याच्याशी माझा जुना हिशेब आहे.

१९७४ साली बालसेविकेचे शिक्षण घेऊन मी माणदेशातल्या एका खेड्यात रुजू झाले. वय एकवीस. देवळाच्या ओवरीत बालवाडी. भिंतीवर पक्ष्यांचा रंगीत तक्ता, त्यात बारा चौकोन आणि चौकोनाखाली ठळक नावे. भाद्रपदात एकदा मी तक्त्यावर पट्टी ठेवून विचारले, "हा कोणता पक्षी?" सगळे ओरडले, "चिमणीऽ." एक पाच वर्षांचे पोर गप्प होते. त्याला वेगळे विचारले. तो म्हणाला, "सुगरन हाय, बाई."

मी त्याला नीट पाहायला सांगितले. नीट पाहून तो म्हणाला, "सुगरन." मी खालचे नाव वाचून दाखवले. अक्षरे त्याला येत नव्हती, त्यामुळे त्यांचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. शेवटी मी त्याला उभे केले आणि सगळ्यांकडून त्याच्या तोंडावर तीनदा "चिमणी" म्हणवून घेतले. दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला.

चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेले. आई म्हणाली, पोरगा बहिणीबरोबर बाजरीवर गेलाय. मी रानात गेले. वाटेत विहिरीवर एक बाभूळ होती आणि तिच्या पाण्याकडे झुकलेल्या फांद्यांना सुगरणीची पंधरा-वीस घरटी लोंबत होती. एक नर उलटा लटकून घरटे विणीत होता. डोके पिवळेधमक, छाती पिवळी, गालावर काळसर पट्टा. मला घाम फुटला. तक्त्यातली चिमणी हुबेहूब हीच होती. चित्रकाराने कुठल्या तरी पुस्तकातून भलताच नमुना उचलला होता, छापणाऱ्याने छापला होता, वाटणाऱ्यांनी वाटला होता, आणि मी ट्रेनिंग घेतलेली बाई पट्टी घेऊन त्या चुकीची राखण करीत होते. एका पोराने काय ते पाहिले होते.

ते पोर माळ्यावर बसले होते. नऊ वर्षांची बहीण गोफण फिरवीत होती आणि हा हाकारे घालत होता. मला पाहून तो थोडा दबला, पण तिथे राज्य त्याचे होते. तासाभरात त्याने मला होला, तितर, भोरडी यांची ओळख पटवली. त्यांतली निम्मी तर नुसत्या आवाजावरून. तारेवर हिरवागार वेडा राघू बसला होता. मी म्हटले, त्याला हाकल की. तो म्हणाला, "ह्यो दानं खात न्हाई, बाई. किडं खातुया. ह्येला दगुड न्हाई मारायचा."

चिमणी उडाली, म्हैस उडाली यातही दोनच ढीग करायचे असतात, उडणारे आणि न उडणारे. या पोराने दुसरेच दोन ढीग केले होते, दाणे खाणारे आणि किडे खाणारे. त्याचे बोट चुकले तर त्याला कोणी बाद करीत नव्हते. घरची बाजरी जात होती. आपल्या पक्ष्यांच्या गोष्टी, गाणी, तक्ते हे सगळे पाखरांना दाणे टाकणाऱ्यांनी केले आहे. पाखरे हाकणारी मुले या देशात त्याहून कितीतरी जास्त होती, आणि त्यांना जे येत होते ते आमच्या कुठल्याच तक्त्यावर नव्हते. ताराबाई कुरणात का गेल्या ते मला पुस्तकाने आधीच सांगितले होते; कळले ते त्या माळ्यावर.

मी त्याची क्षमा मागितली, असे लिहायला मला आवडले असते. तेवढे धैर्य एकविसाव्या वर्षी नव्हते. मी एवढेच केले, की "चिमणी" या शब्दावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर "सुगरण" असे लिहिले आणि त्याला सांगितले, उद्या येऊन बघ. तो आला. पुढे तपासणीला आलेल्या बाईंनी तक्ता विद्रूप केल्याचा शेरा मारला आणि पट्टी काढायला लावली. ती मी काढली, आणि त्यांची मोटार गेल्यावर दुसरी लावली.

नंतर कळले की एका पिवळ्या डागाने दुसऱ्याही एका मुलाचे आयुष्य फिरवले होते. मुंबईच्या खेतवाडीत वाढणारा, छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपणारा तो मुलगा. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा ठिपका दिसला. ही खावी की नाही, अशी शंका येऊन तो मामांकडे गेला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी "चिमणीच आहे ती, जा" असे म्हणून त्याला वाटेला लावले नाही. त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांना चिठ्ठी दिली. साहेबांनी कपाटाचे खण उघडून मुलासमोर पेंढा भरलेले शेकडो पक्षी मांडले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. १९२६च्या सुमारास ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्याते झाले, तेव्हा शाळकरी मुलांना पक्षी समजावून सांगणे हेच त्यांचे काम होते. मिलर्डसाहेबांच्या जागी त्या दिवशी पट्टी घेतलेली मी असते तर काय झाले असते, या विचाराने मला आजही कसेसेच होते.

आता चिमणीचे थोडे. शहरातल्या घरांतून ती गेली, हे सर्वांनाच ठाऊक आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा चिमणीदिन पाळतात. शाळांतून त्या दिवशी पुठ्ठ्याची घरटी होतात, कागदी चिमण्या कापल्या जातात. २०२०च्या भारतीय पक्ष्यांच्या अहवालात असे दिसून आले, की देशभराचा विचार करता चिमणी बरीचशी टिकून आहे. मोठ्या शहरांत मात्र ती कमी झाली आहे. तसबिरी भिंतीला चिकटून बसू लागल्या, वासे जाऊन स्लॅब आले, निवडलेल्या धान्याचे खडे-दाणे अंगणात पडेनासे झाले. माझी नात चिऊचा घास खाऊनच मोठी झाली आहे, पण तिने जेवताना चिऊ पाहिलेली नाही. खिडकीत येतात ती पारवी, आणि त्यांना आम्ही जाळी लावून बाहेर ठेवले आहे. तिच्या शाळेत पक्ष्यांचा आठवडा झाला तेव्हा तिने कापूस लावून सुंदर बदक केले. दोनाच्या आकड्याचे बदक कसे करायचे ते मी तिला दाखवले, तर तेही तिला येत होते. मी नाक मुरडत नाही. कापसाच्या बदकालाही बोटे लागतात, आणि बोटांनी सुरुवात करावी हे तर फ्रोबेलचेच म्हणणे. बाहेर काय पाहिलेस, हा त्याचा पुढचा प्रश्न विचारायला मात्र आधी कोणीतरी दार उघडावे लागते.

तर कोंबडीचे काय झाले? माणदेशातल्या त्या पोराने बालवाडीत या खेळात बोट वर केले होते, आणि मी त्याला बाद म्हटल्यावर सांगितले होते, "आमची कोंबडी लिंबावर झोपती." तेव्हा मी हसले होते. यानंतरच्या भाद्रपदात तक्त्याचे प्रकरण झाले आणि मग मला त्याच्या कोणत्याच विधानाला हसण्याची हिंमत राहिली नाही.

गेल्या नाताळच्या सुटीत नातीला घेऊन भावाच्या गावी गेले होते. दिवेलागणीला आम्ही दोघी परसात बाजेवर बसलो. कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या. एक तांबडी मात्र लिंबाखाली थांबली, मान वाकडी करून वर पाहत राहिली, आणि एकदम पंखांचा मोठा फडफडाट करून सात-आठ हात उंच फांदीवर जाऊन बसली. तिथून दुसऱ्या फांदीवर. मग तिने पिसे फुगवली आणि डोळे मिटले.

नात बराच वेळ वर पाहत होती. मग तिने बाजेच्या पट्टीवर टेकलेले आपले बोट हळूच उचलले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "भुर्र."

मी म्हटले, "बघ, मिळाले ना उत्तर?"

तिने गोठ्याकडे पाहिले. तिथे भावाची म्हैस शांतपणे रवंथ करीत बसली होती.

"आजी," ती म्हणाली, "आपण इथे रात्रीपर्यंत थांबायचं का?"